देशोदेशीचे आत्महत्येचे आकडे : नकाशा रंगवण्याआधी

संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने प्रश्न पाठवला आहे. कॅगल या माहितीसंचांच्या संकेतस्थळावर मिळणारी १९८५ ते २०१६ या वर्षांची आत्महत्यांची फाइल घेऊन तिने तीन आलेख काढले : जगाचा रंगवलेला नकाशा, ‘पहिले दहा देश’ असा स्तंभालेख आणि साऱ्या जगाची मिळून एक रेघ. तिचे प्रश्नही तीन. २०१६ ला रेघ एकदम खाली का कोसळते? नकाशात भारत कोरा का? आणि श्रीमंत देशांत आत्महत्या जास्त होतात, असा निष्कर्ष काढू का?

तुमचे आलेख पाहिले, सोबतचा कोडही वाचला. मेहनत भरपूर आहे. सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीत वीसेक वर्षे काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे, ते आधीच सांगते. देशोदेशीच्या आत्महत्यादरांचा नकाशा दोन गोष्टी एकाच रंगात रंगवतो : त्या देशातले दुःख आणि त्या देशातली मृत्युनोंदीची पद्धत. या दोन गोष्टी सुट्या होत नाहीत तोवर आलेख कितीही देखणा असला तरी तो वाचता येत नाही. पुढचे सगळे उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरेल.

आधी २०१६ ची पडझड. त्या वर्षी आत्महत्या कमी झाल्या नाहीत, फाइलमधले देश कमी झाले. एरवी प्रत्येक वर्षी कितीतरी देशांची माहिती असते; २०१६ ची माहिती मात्र जेमतेम सोळा देशांची आहे. तुम्ही वर्षावार बेरीज केलीत, म्हणून रेघ तोंडावर आपटली. हीच चूक उलट्या दिशेने १९८९ लाही झाली आहे. तिथे तुमची रेघ उसळी घेते, कारण रशियाच्या नोंदी या फाइलमध्ये १९८९ पासून सुरू होतात. एवढा मोठा देश आत आला की ‘जगाचा’ आकडा वर जाणारच. काहीही रेखाटण्याआधी एक साधा तक्ता करा : उभे देश, आडवी वर्षे, माहिती असेल तिथे ठिपका. मी प्रत्येक नव्या फाइलचे पहिले चित्र हेच काढते. ते कुणाला दाखवण्यासाठी नसते, पण पुढचे अर्धे गैरसमज तिथेच संपतात. आणि जगाची रेघ काढायचीच असेल, तर सलग सगळ्या वर्षांची माहिती असलेले देशच घ्या, आणि ‘जग’ हा शब्द शीर्षकातून काढून टाका. ते जग नाहीच.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट सापडली आणि ती जास्त गंभीर आहे. देशाचा दर काढताना तुम्ही ‘दर लाखामागे’ या रकान्याची सरासरी घेतली आहे. त्या फाइलमधली प्रत्येक ओळ म्हणजे एका देशातला, एका वर्षातला, एक लिंग आणि एक वयोगट. पंच्याहत्तरीपुढचे पुरुष संख्येने थोडे असतात आणि बहुतेक देशांत त्यांचा दर सगळ्यांत जास्त असतो. नुसती सरासरी घेतली की त्या मूठभर आजोबांच्या ओळीला पस्तीस ते चोपन्न वयाच्या प्रचंड गटाइतकेच वजन मिळते. दरांची सरासरी घेऊ नका. मृत्यूंची बेरीज करा, लोकसंख्येची बेरीज करा, मग भागाकार करा. त्याच फाइलमध्ये वयोगटांची रुंदीही सारखी नाही. १५-२४ आणि २५-३४ हे दहा-दहा वर्षांचे, ३५-५४ हा वीस वर्षांचा. मृत्यूंच्या संख्येचा स्तंभालेख काढला की ३५-५४ चा स्तंभ आपोआप उंच दिसतो आणि लोक ‘मध्यमवयीनांचे संकट’ म्हणून मोकळे होतात. शिवाय संगणक वयोगट अक्षरानुक्रमे लावतो, त्यामुळे ‘५-१४’ हा गट तुमच्या आलेखात ३५-५४ च्या नंतर जाऊन बसला आहे. क्रम हाताने लावून घ्या.

आता भारत. तुमच्या नकाशात तो कोरा आहे, कारण त्या फाइलमध्ये भारतही नाही आणि चीनही नाही. १०१ देशांची यादी, आणि जगातले सर्वांत जास्त लोकसंख्येचे दोन देश तिच्याबाहेर. ती फाइल मुळात जागतिक आरोग्य संघटनेकडे देशांनी पाठवलेल्या मृत्युनोंदींवरून बनली आहे. म्हणजे ज्या देशात मृत्यू झाला की डॉक्टर कारण लिहितो, त्या कारणाला ठरलेला संकेतांक मिळतो आणि ते सगळे राष्ट्रीय पातळीवर एकत्र होते, असे देश. आत्महत्येच्या दराचा अंदाज थेट बांधता येईल इतक्या चांगल्या नोंदी जगातल्या साधारण ऐंशी देशांकडेच आहेत, असे ही संघटनाच सांगते. आपल्याकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२ टक्क्यांनाच वैद्यकीय कारणाचा दाखला असतो.

मग आपल्याकडे आत्महत्या मोजतो कोण? पोलीस. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, चौकशी होते आणि ठाण्याचा आकडा जिल्ह्यातून, राज्यातून एनसीआरबीकडे, म्हणजे गुन्ह्यांची देशभरची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाकडे, पोहोचतो. या वाटेवर प्रत्येक पायरीला कुणीतरी माणूस बसलेला असतो. घरचे लोक हात जोडून सांगतात, ‘साहेब, पाय घसरून पडली असं लिहा.’ लग्न होऊन दोनच वर्षे झालेली मुलगी असेल तर सासर आणि माहेर दोघांनाही त्या कागदावर काय लिहिले जाते याची धास्ती असते. शिवाय कितीतरी वर्षे आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो मे २०१८ मध्ये लागू झाला, ती धार बोथट केली आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरले नाही. पण कायदा बदलल्याने माणसांच्या मनातली भीती त्याच दिवशी जात नाही.

या सगळ्याचा आकड्यावर परिणाम किती होतो ते बघा. २०१० साली एनसीआरबीचा आकडा होता १,३४,५९९. देशभरात घरोघरी जाऊन मृत्यूची कारणे विचारणाऱ्या मोठ्या पाहणीवरून त्याच वर्षाचा अंदाज निघाला सुमारे १,८७,०००. २०१६ साली एनसीआरबी म्हणते १,३१,००८, तर जागतिक रोगभार अभ्यास या देशोदेशीच्या आजार-मृत्यूंचे अंदाज काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा अंदाज २,३०,३१४. २०१९ चा एनसीआरबीचा दर लाखामागे १०.४, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तो सुमारे १३. देश तोच, वर्षे तीच.

म्हणून भारताची जागा एका रंगाने भरू नका. एका आडव्या रेषेवर दोन ठिपके काढा, एक पोलिसांच्या नोंदीचा, एक अंदाजाचा, आणि दोहोंना जोडणारी रेघ ठेवा. त्या रेघेची लांबी हीच भारताविषयीची खरी माहिती आहे. मला विचाराल तर प्रत्येक देशासाठी असेच करावे. फिनलंडची रेघ जवळजवळ ठिपक्याएवढी असेल, आपली ठसठशीत लांब दिसेल, आणि वाचणाऱ्याला न सांगता कळेल की कुठल्या आकड्यावर किती भार टाकायचा.

ही नोंदीची गोष्ट आजची नाही. १८९७ साली एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने युरोपातले आकडे मांडून दाखवले की प्रोटेस्टंट समाजात आत्महत्या कॅथलिकांपेक्षा जास्त होतात. समाजशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त त्यावर उभा राहिला. पुढे शंभर वर्षांनी संशोधकांनी नेदरलँड्समधल्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नोंदी उघडून पाहिल्या, तेव्हा दिसले की कॅथलिकांमधले बरेच मृत्यू ‘अचानक मृत्यू’ किंवा ‘कारण अस्पष्ट’ या रकान्यांत गेले होते. ते रकाने जमेस धरले की दोन धर्मांमधली तफावत जवळजवळ विरघळते. यातून करण्याजोगी एक कृती निघते. कुठल्याही देशाचा आत्महत्यादर काढताना शेजारी ‘हेतू अनिश्चित’ या गटातल्या मृत्यूंचा दरही काढा. आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत आत्महत्येचे संकेतांक एक्स ६० ते एक्स ८४ आहेत आणि हेतू न ठरलेल्यांचे वाय १० ते वाय ३४. एक रेघ खाली जात असताना दुसरी वर चढत असेल, तर आधी नोंदीची पद्धत बदलली का ते शोधा, मगच आनंद माना.

आपल्या राज्यांकडे पाहिले तर हाच प्रश्न घरचा होतो. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात २२,७४६ महाराष्ट्रातल्या. वर्तमानपत्रांनी ‘महाराष्ट्र पहिला’ असे मथळे दिले. संख्येने पहिला, हे खरे आहे. दर लाखामागे पाहिले तर महाराष्ट्र सुमारे १८ वर येतो, केरळ २८.५, आणि सर्वांत वर सिक्कीम, ४३.१. सिक्कीमचा हा दर २९३ मृत्यूंवरून आला आहे. इतक्या लहान संख्येवर विश्वास ठेवावा का, असा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. ढोबळ हिशेब सोपा आहे : २९३ चे वर्गमूळ सतरा, त्याची दुप्पट चौतीस. म्हणजे केवळ योगायोगाने हा आकडा २५९ ते ३२७ च्या दरम्यान हलू शकतो आणि दर ३८ ते ४८ च्या दरम्यान. तरीही तो इतर राज्यांपेक्षा वरच राहतो, म्हणजे सिक्कीमची चिंता खरी आहे. उलट बिहारचा दर लाखामागे एकाहूनही कमी आहे. सव्वाशे दशलक्षांच्या राज्यात, गरिबी आणि स्थलांतर सोसणाऱ्या कुटुंबांत, आत्महत्येचा दर सिक्कीमच्या सत्तरावा हिस्सा आहे, यावर माझा विश्वास नाही. नकाशात बिहार पांढराशुभ्र दिसतो, आणि त्या पांढऱ्या रंगाने तिथल्या किती घरांना मदतीपासून दूर ठेवले असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होते.

वर्गमूळाचा हिशेब देशांनाही लावा. पन्नास हजार वस्तीच्या बेटावर एक मृत्यू झाला की दर दोनने वाढतो, एकही झाला नाही की शून्य. तुमच्या ‘सर्वांत कमी’ यादीत डॉमिनिका आणि सेंट किट्स हे देश त्यामुळेच आले आहेत. नोंदलेले मृत्यू चारच असतील, तर खरी पातळी एकापासून दहापर्यंत कुठेही असू शकते. यासाठी नरसाळ्याचा आलेख काढतात : आडव्या अक्षावर लोकसंख्या, उभ्या अक्षावर दर, आणि सरासरीभोवती डावीकडे रुंद, उजवीकडे अरुंद होत जाणाऱ्या दोन वक्ररेषा. ज्या देशाचा ठिपका या नरसाळ्याच्या आत आहे, त्याच्याविषयी वेगळे काही बोलू नका. बाहेर पडलेल्यांचाच विचार करा.

यादीच्या माथ्यावर कोण येते हे तुम्ही वयाचा विचार केला की नाही यावरही ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजात दक्षिण कोरियाचा ढोबळ दर २८.६ आहे, पण वय-प्रमाणित दर २१.२. लेसोथोचे उलटे : ढोबळ ७२.४, वय-प्रमाणित ८७.५. कोरियात म्हातारी माणसे पुष्कळ, लेसोथोत मुले पुष्कळ. दोन्ही देशांची वयरचना सारखी असती तर दर किती आला असता, हे वय-प्रमाणित दर सांगतो. ढोबळ दराने लेसोथो कोरियाच्या अडीचपट, वय-प्रमाणित दराने चौपट. कुठला वापरायचा? देशांची तुलना करताना वय-प्रमाणित. एखाद्या सरकारला किती समुपदेशक लागतील, किती कुटुंबांना आधार लागेल हे सांगायचे असेल तेव्हा ढोबळ, किंवा सरळ मृत्यूंची संख्या. एकाच आलेखात दोन्ही मिसळू नका आणि कुठला वापरला ते अक्षावरच लिहा, तळटीपेत नको. लेसोथोचा आकडा प्रत्यक्ष नोंदींचा नाही, तो सांख्यिकी प्रतिमानातून काढलेला अंदाज आहे, हेही तिथेच लिहा. आणखी एक पथ्य : या संघटनेची नवी आवृत्ती आली की मागच्या वर्षांचे अंदाजही नव्याने मोजलेले असतात. जुन्या आवृत्तीतले २०१० आणि नव्या आवृत्तीतले २०२१ जोडून रेघ ओढली, तर ती रेघ कशाचीच नसते.

व्याख्या बदलण्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. २०१५ च्या पावसाळ्यात एका जिल्ह्याच्या बैठकीत मी शेतकरी आत्महत्यांची रेघ दाखवली. २०१३ ला ११,७७२, २०१४ ला ५,६५०. रेघ निम्म्यावर आली होती आणि मी ‘घट’ हा शब्द उच्चारलाही होता. मागे बसलेल्या एका निवृत्त तलाठ्यांनी हात वर केला. ‘बाई, शेतमजूर कुठं मोजले?’ मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन अहवाल पुन्हा उघडला. २०१४ पासून एनसीआरबीने रकाने बदलले होते. शेतमजुरांचा वेगळा रकाना आला होता आणि त्यात ६,७१० मृत्यू होते. दोन्हींची बेरीज १२,३६०. घट झालीच नव्हती. ज्या घरांत ही माणसे गेली होती त्या घरांतली काही माणसे त्या सभागृहात बसलेली असू शकत होती, आणि मी त्यांच्यासमोर घट म्हणाले होते. तेव्हापासून व्याख्या बदललेल्या वर्षी मी रेघ तोडते. सरळ मोकळी जागा सोडते आणि त्या जागेत काय बदलले ते लिहिते. तुमच्या आलेखांतही अशा जागा लागतील. गयाना आणि पाकिस्तानने २०२२ मध्ये, घाना आणि मलेशियाने २०२३ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न गुन्ह्यांच्या यादीतून काढला. पुढच्या काही वर्षांत या देशांतल्या नोंदी वाढल्या, तर ती वाढ आधी नोंदीतल्या प्रामाणिकपणाची असू शकते.

जगाचा नकाशा मी तुम्हाला काढायला सांगणार नाही. तुमच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. तेही एकवेळ चालले असते, पण ग्रीनलंड डेन्मार्कच्या रंगात रंगले आहे. डेन्मार्कचा दर मध्यम आहे. ग्रीनलंडमध्ये साधारण छप्पन्न हजार लोक राहतात, बहुसंख्य इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आणि तिथला आत्महत्यादर जगातल्या सर्वाधिक दरांपैकी आहे, तोही विशेषतः तरुण मुलांमध्ये. तुमच्या नकाशावरच्या सर्वांत मोठ्या तुकड्यांपैकी एक सर्वांत चुकीचा रंगला आहे आणि त्या मुलांचे मरण डेन्मार्कच्या सरासरीत झाकले गेले आहे. उलट बाजूने, भारताएवढी माणसे असलेला तुकडा त्या मानाने लहान दिसतो. नकाशा जमीन दाखवतो, आपल्याला माणसे दाखवायची आहेत. ठिपक्यांचा आलेख घ्या : एका ओळीत एक देश, ठिपका म्हणजे दर, दोन्ही बाजूंना अनिश्चिततेची रेघ. तो नकाशाइतका देखणा नसतो, पण खोटे बोलत नाही.

तिसरा प्रश्न श्रीमंतीचा. तुमच्या फाइलमध्ये युरोप, जुने सोव्हिएत देश आणि लॅटिन अमेरिका भरभरून आहेत. आफ्रिका जवळजवळ नाहीच. मृत्यूचे कारण नोंदवायला सक्षम शासनयंत्रणा लागते आणि ती असलेले देशच या फाइलमध्ये आले. म्हणजे गरीब देशांची तुलना होण्याआधीच ते गळाले. जागतिक अंदाज पाहिले तर २०१९ मध्ये ७,०३,००० आत्महत्यांपैकी ७७ टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाल्या. हे वाचून ‘म्हणजे गरीब देशांत जास्त’ असे म्हणू नका, कारण जगातली बहुतेक माणसे तिथेच राहतात. त्याच वर्षी जगाचा वय-प्रमाणित दर ९.० होता आणि उच्च उत्पन्नाच्या देशांचा १०.९. फरक आहे, पण एवढाच. स्वीडन आणि भारत यांचे दर तर साधारण शेजारीशेजारी येतात, आणि त्यांच्या दरडोई उत्पन्नात केवढी दरी आहे! देशांचे ठिपके टाकून त्यांतून तिरकी रेघ काढली, तरी ती रेघ कुठल्याही एका माणसाबद्दल काही सांगत नाही. श्रीमंत देशातही जीव जाण्याची जोखीम बहुतेक वेळा कर्जात बुडालेल्या, नोकरी गेलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाला जास्त असते.

मग या आकड्यांतून कळते तरी काय? पुष्कळ कळते, पण देश शेजारी ठेवून नव्हे. एकच देश घ्या आणि त्याच्या आत शिरा. जपान घ्या, तुम्हाला हवी ती सगळी माहिती मिळेल. १९९७ साली तिथे २४,३९१ आत्महत्या झाल्या, १९९८ साली ३२,८६३. एका वर्षात साडेआठ हजारांची वाढ. नोंदीची पद्धत तीच होती, म्हणून ही उडी खरी. आता तिचे तुकडे करा : स्त्री आणि पुरुष अशा दोन ओळी, वयोगटांचे उभे रकाने, प्रत्येक चौकटीत एक लहान रेघ, सगळ्यांचे अक्ष सारखे. बहुतेक चौकटींत रेघ थोडीशी हलते आणि मध्यमवयीन पुरुषांच्या चौकटींत ती कड्यासारखी उभी राहते. त्याच सुमारास आशियाई आर्थिक संकट आले होते, जपानात बँका आणि दलाली कंपन्या बुडत होत्या, आयुष्यभराची म्हणून धरलेली नोकरी सुटत होती. वार्षिक आकडा नंतर चौदा वर्षे तीस हजारांच्या खाली आला नाही. २००३ मध्ये तो ३४,४२७ वर पोहोचला. २००६ मध्ये जपानने आत्महत्या प्रतिबंधाचा कायदा केला, कर्जबाजारीपणापासून एकटेपणापर्यंतच्या कारणांवर गावपातळीवर कामे सुरू झाली, २०१२ मध्ये आकडा तीस हजारांखाली आला आणि २०१९ मध्ये २०,१६९ पर्यंत उतरला. पुढच्याच वर्षी, कोरोनाच्या काळात, तो पुन्हा २१,०८१ झाला. ही कहाणी रंगवलेल्या नकाशात कुठेच दिसत नाही, पण चौकटींच्या त्या पानावर ती पहिल्या नजरेत दिसते.

दुसरा देश श्रीलंका. १९९५ च्या सुमारास तिथला दर लाखामागे सत्तेचाळीसच्या आसपास होता. शेतात वापरल्या जाणाऱ्या सर्वांत जहाल औषधांवर तिथल्या सरकारने टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत दर दोन तृतीयांशांहून अधिक खाली आला. पिकांच्या उत्पादनाला त्याने धक्का बसल्याचे आढळले नाही. काळाची रेघ काढा आणि बंदीच्या प्रत्येक वर्षी एक बारीक उभी रेषा द्या. रेघेने वळण कुठे घेतले ते डोळ्यांना दिसेल. विदर्भ-मराठवाड्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा आलेख पाहावा असे मला मनापासून वाटते, कारण संकटाच्या त्या एका घटकेत जहाल विष हाताशी नसेल, तर माणूस पुष्कळदा वाचतो आणि नंतर जगतो. दक्षिण कोरियातही २०११ चा ३१.७ हा दर २०१७ पर्यंत २४.३ वर आला आणि त्यात अशाच बंदीचा वाटा होता. पण तिथे २०२३ मध्ये दर पुन्हा २७.३ झाला. तो वरचा तुकडा आलेखातून कापू नका. सोयीच्या वर्षी थांबलेली रेघ मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत फार पाहिली आहे.

भारतासाठी वयाची चौकट काढलीत तर एक वेगळाच आकार दिसेल. बऱ्याच देशांत दर वयाबरोबर चढत जातो. आपल्याकडे नोंदलेल्या आत्महत्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातल्या आहेत. जगात पुरुषांचा दर स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे, २०१९ मध्ये १२.६ आणि ५.४, आपल्याकडे ही दरी बरीच अरुंद आहे. २०१६ च्या अंदाजानुसार जगातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६.६ टक्के भारतात झाल्या. आणि एनसीआरबीच्या २०२२ च्या नोंदीत मृत स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक ‘गृहिणी’ या रकान्यात आहेत. एकूण दराची एक रेघ काढली की या बायका त्या रेघेत बुडून जातात. म्हणून स्त्री-पुरुष वेगळे केल्याशिवाय भारताचा कुठलाही आलेख मी पुढे पाठवत नाही.

आता सादरीकरणाबद्दल. तुमचा गडद लाल रंग आधी काढा. लाल रंग ‘धोकादायक देश’ म्हणतो, आणि त्या देशातला वाचक स्वतःच्या समाजावर ठपका बसल्यासारखा तो आलेख पाहतो. फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत जा; माहिती नसेल तिथे शून्याचा फिका रंग देऊ नका, करडी तिरपी रेघाटी द्या, कारण ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘आत्महत्येची राजधानी’, ‘अव्वल क्रमांक’ हे शब्द शीर्षकात नकोत. फाशीचा दोर, काळी सावली अशी चित्रे तर मुळीच नकोत. मृत्यू कसा झाला याचे आलेख सर्वसामान्य वाचकांसाठी काढू नका. ते धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे असतात. व्हिएन्नात १९८७ मध्ये वर्तमानपत्रांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या थांबवल्या आणि तिथल्या अशा मृत्यूंमध्ये मोठी घट झाली. आलेखही बातमीच असतो. आपल्या भाषेतला शब्दही जपून वापरा. ‘आत्महत्या’ या शब्दातच हत्या बसली आहे, आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांना तो शब्द आरोपासारखा लागतो. शास्त्रीय शीर्षकात तो टाळता येत नाही, पण मजकुरात ‘जीव गमावलेली माणसे’ असे लिहायला काहीच अडचण नाही.

आणखी एक, वडीलकीच्या नात्याने. हे काम रात्री उशिरा एकटीने बसून करू नका. सत्तावीस हजारांवर ओळी आहेत त्या फाइलमध्ये, आणि काही तासांनी त्या नुसत्या ओळी राहत नाहीत. घरात, मित्रमैत्रिणींत असे कुणी गेले असेल तर विषय बदलून मागा. चांगले मार्गदर्शक त्यासाठी कारण विचारत नाहीत. माझ्या वर्गात मी पहिल्या दिवशीच हे सांगते आणि जवळजवळ दर वर्षी कुणीतरी तास संपल्यावर थांबते.

दुरुस्त केलेल्या पानांत पहिले देश-वर्षांच्या ठिपक्यांचे ठेवा, दुसरे भारताच्या दोन आकड्यांचे, तिसरे जपानच्या चौकटींचे. दहा देशांची यादी सोडून द्या. आणि तिन्ही पानांच्या तळाशी, स्रोताच्या ओळीच्या वर, मोठ्या अक्षरांत ही ओळ छापा : मन फार जड झाले असेल, किंवा जवळच्या कुणाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येते.